समाधी आणि देऊळ : एका दिवसाची प्रेक्षणयात्रा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान, श्रोत्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



गेल्या संमेलनात आपल्या एका सभासद कुटुंबाने इजिप्त देशाच्या प्रवासाची चित्रे पडद्यावर दाखविली होती, ती आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असतील. नाईल नदीच्या काठी लक्सर नावाचे नगर आहे. तेथे भल्या सकाळी मार्गदर्शक येतो, मंडळींना बरोबर घेऊन निघतो, आणि दिवस मावळण्यापूर्वी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची देवालये व राजांची थडगी दाखवून परत आणून सोडतो. पूर्व तीरावर कार्नाकचे विशाल देवालय. त्याच्या एका मंडपातच १३४ खांब आहेत. पश्चिम तीरावर उजाड डोंगराच्या पोटात खोदलेल्या राजांच्या समाध्या. तूतांखामेन या कोवळ्या वयात वारलेल्या राजाची समाधी हॉवर्ड कार्टर याला १९२२ साली सापडली ती याच दरीत. उगवतीला देव आणि मावळतीला मृत, अशी त्या लोकांची मांडणी. चित्रे संपली, दिवे लागले, आणि मागच्या रांगेतून एका मुलाने विचारले, "आपल्याकडे असे काही नाही का?" त्यावर कोणी काही बोलले नाही. फराळाच्या पानांची वेळ झाली होती.

या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देण्यापेक्षा मुलांना नेऊन दाखवावे, असा विचार मी मंडळापुढे मांडला आणि मंडळाने तो उदार मनाने मान्य केला. त्याप्रमाणे या पौष महिन्यात आपल्या सभासद कुटुंबांची एक सहल चंद्रपूर ते मार्कंडा अशी एका दिवसात जाऊन आली. मार्गदर्शकाचे काम माझ्याकडे होते. त्या दिवशी जे पाहिले आणि जे बोलणे झाले, त्याचा वृत्तान्त आपल्यापुढे ठेवण्याची आज्ञा मला झाली आहे. जे आले होते त्यांनी पुनरुक्तीबद्दल क्षमा करावी. जे आले नव्हते त्यांच्यासाठीच हे विशेषतः आहे.

निघण्यापूर्वीच एक वाद उभा राहिला. तो सांगण्याजोगा आहे, कारण तो केवळ सोयीगैरसोयीचा नव्हता. माझा बेत असा होता की, पहाटे चंद्रपुरातील गोंड राजांच्या समाध्या पाहाव्या आणि मग मार्कंड्याच्या दर्शनाला जावे. यावर कित्येक वडीलधाऱ्या भगिनींनी हरकत घेतली. आधी थडगी आणि मागून देव, हे कोणत्या शास्त्रात बसते? मसणातून थेट गाभाऱ्यात जायचे काय? आधी मार्कंडा करा, समाध्या परतीच्या वाटेवर पाहा, न जमल्यास सोडून द्या, असे बहुमत होऊ लागले. "न जमल्यास सोडून द्या" हे शब्द मला झोंबले. आपल्या जिल्ह्यात त्या राजांच्या वाट्याला बहुधा हेच शब्द येत आलेले आहेत. शेवटी चंद्रपूरच्याच माहेरवाशीण असलेल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींनी निकाल दिला. त्या म्हणाल्या, "अचलेश्वराला जायची वाट त्यांच्या दारावरूनच आहे. लहानपणी दर्शन करून आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून भाकर खात होतो. राजाच्या समाधीला कोणी मसण म्हणते काय?" सभा हसली आणि बेत कायम झाला.

आजींचे म्हणणे स्थळ पाहिले की तंतोतंत पटते. लक्सरला देव आणि मृत यांच्यामध्ये अवघी नाईल नदी आहे. चंद्रपूरला त्यांच्यामध्ये चार पावले आहेत. झरपट नदीजवळ अचलेश्वराचे देऊळ, आणि त्याच्या लगत गोंड राजघराण्याच्या समाध्या. देवाच्या पायाशी राजे निजलेले आहेत. त्यामागे एक कथा आहे. खांडक्या बल्लाळशाह हा राजा बल्लारपुरास राहत असे. त्याच्या अंगावर गाठी व व्रण होते, म्हणूनच त्याला हे नाव पडले असे सांगतात. एकदा शिकारीला गेला असता तहानेने व्याकुळ होऊन तो झरपटीच्या कोरड्या पात्रात उतरला. तेथे खडकातील एका खळग्यात त्याला पाणी सापडले. ते प्यायला, त्याने हातपाय धुतले, आणि दुखणे हटले. राणीने ती जागा शोधवली, तेव्हा खडकात गाईच्या पावलांसारखे पाच खळगे दिसले. त्या जागी अचलेश्वराची स्थापना झाली, आणि पुढे तेथेच तटबंदीचे नगर वसले, ते हे चांदा. दंतकथा आहे, इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. पण एक गोष्ट तीत खरी आहे: या शहराचा उगम राजवाड्यात नाही, पाण्यात आहे; आणि जेथे राजाचा देह बरा झाला तेथेच त्याच्या वंशजांनी आपले देह ठेवले.

समाध्यांची बांधणी साधी, जाड भिंतींची आणि गंभीर आहे. त्यांत वीरशाहाची समाधी सर्वांत देखणी. तिच्यासमोर आम्ही पुष्कळ वेळ घालवला, कारण तिची कथा मुलांनी सोडू दिली नाही. वीरशाहाच्या मुलीचा देवगडच्या दुर्गपालाकडे अपमान झाला. राजाने चढाई केली आणि त्याचे मस्तक महाकालीला वाहण्याचा नवस बोलून तो फेडला. महाकालीच्या देवळावर दुर्गपालाचे दगडी मस्तक देवगडाकडे तोंड करून बसविले, अशी परंपरा आहे. पुढे हाच वीरशाह आपल्या दुसऱ्या लग्नाच्या मिरवणुकीत हिरामण नावाच्या अंगरक्षकाच्या हातून मारला गेला. त्याची राणी हिराई मागे राहिली. तिने दत्तक घेतलेल्या रामशाहाच्या नावाने राज्य सांभाळले, पतीची समाधी बांधविली, आणि महाकालीचे देऊळही उभारले. या राजांच्या कालक्रमाबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. मेजर लूसी-स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात वंशावळ दिली, पुढील संशोधकांनी तिच्यातली साले बदलली. म्हणून मी मुलांना साले पाठ करावयास सांगितली नाहीत. १७५१ हे एकच साल लक्षात ठेवा म्हटले. त्या वर्षी शेवटचा राजा नीलकंठशाह याचे राज्य नागपूरकर भोसल्यांनी खालसा केले आणि या समाध्यांचा धनी संपला.

येथे मला इजिप्तची एक राणी आठवली. हत्शेप्सुत तिचे नाव. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिनेही अल्पवयीन राजाच्या नावाने कारभार हाती घेतला, पुढे स्वतःच राज्य केले आणि लक्सरच्या पश्चिमेस डोंगराच्या कड्याखाली अप्रतिम देवालय बांधले. ती वारल्यावर काही वर्षांनी तिचे नाव आणि तिच्या आकृती छिन्नीने खरवडून काढण्यात आल्या. एकोणिसाव्या शतकात चित्रलिपी वाचता येऊ लागली, तेव्हा कोठे पंडितांना ती पुन्हा सापडली. आपल्या हिराईचे असे झाले नाही. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास मराठवाड्यातून आणि तेलंगणातून हजारो माणसे झरपटीत स्नान करून तिने बांधलेल्या देवळात महाकालीपुढे उभी राहतात. राणीचे नाव मिटविण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. पण, भगिनींनो, मी सहलीत विचारून पाहिले: महाकालीच्या यात्रेला आजवर गेलेल्या आपल्या चौदा भगिनींपैकी हे देऊळ कोणी बांधले हे तिघींनाच ठाऊक होते. आणि तीच राणी पलीकडे आपल्या नवऱ्यासाठी बांधून गेलेली समाधी पाहिलेली तर एकच, त्या आजी! खरवडून काढण्यासाठी निदान छिन्नी तरी लागते. विसरायला काहीच लागत नाही.

चंद्रपूरच्या परकोटाबद्दल थोडक्यात. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे, आणि पाच खिडक्या. वेशीवर हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजांचे चिन्ह. या तटाच्या बुरुजांवर झाडे वाढून तो दिसेनासा झाला होता. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी कुदळी-फावडी घेऊन तो साफ करावयास आरंभ केला आणि शेकडो दिवस ते काम चालविले. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला, म्हणून कित्येकांना ते कळले. मला स्वतःला पंतप्रधानांच्या उल्लेखापेक्षा त्या मुलांच्या हातांवरचे घट्टे अधिक मोलाचे वाटतात.

लालपेठला आम्ही अर्ध्या तासापेक्षा अधिक थांबलो नाही. कोळशाच्या खाणींच्या सान्निध्यात, उघड्या माळावर, अजस्र दगडी मूर्ती पडलेल्या आहेत. त्यांतली दशमुखी दुर्गा पंचवीस फुटांच्या आसपास लांब आणि अठरा फूट रुंद आहे. सामान्य लोक तिला रावणच समजतात. रायप्पा नावाच्या एका कोमटी सावकाराने मोठे शिवालय बांधावयाचे योजिले, मूर्ती आधी घडविल्या, आणि देऊळ उभे राहण्यापूर्वीच तो वारला. इजिप्तमध्ये आस्वान येथे खाणीतच पडलेला एक अपुरा स्तंभ आहे, सुमारे ४२ मीटर लांबीचा. खडकाला तडा गेला आणि कारागीर उठून गेले. तो पाहावयास जगातून माणसे येतात, तिकीट काढतात. आपल्या लालपेठच्या देवीजवळ आम्ही गेलो तेव्हा दोन शेळ्या होत्या. असो.

चंद्रपूर सोडून मूलच्या रस्त्याला लागलो की, जंगल सुरू होते. या वाटेवर परगावच्या गाड्या पुष्कळ दिसतात. त्या सर्व ताडोब्याला जाणाऱ्या. मला वाघाचा राग नाही. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, ते राज्याचे भूषण आहे. परंतु दिल्ली-मुंबईहून येऊन तीन दिवस राहणारा प्रवासी वाघ दिसला तर कृतार्थ होतो, न दिसला तर खिन्न होतो, आणि दोन्ही प्रसंगी पुढच्या वळणावरील हजार वर्षांपूर्वीचे शिल्प न पाहताच परततो. दगडातले सिंह पळून जात नाहीत, हा त्यांचा दोष असावा.

मूल मागे टाकून हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की आपण गडचिरोली जिल्ह्यात येतो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. समाध्या एका जिल्ह्यात आणि देवळे दुसऱ्यात, अशी वाटणी त्या दिवसापासून झाली आहे. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या डाव्या तीरावर मार्कंडा. एरवी बहुतांशी दक्षिणेची ओढ धरणारी ही नदी येथे वळून उत्तरेस वाहू लागते. काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे म्हणून ते क्षेत्र, आणि येथे वैनगंगा उत्तरवाहिनी म्हणून ही विदर्भाची काशी. नाईल तर बहुतांशी उत्तरेसच वाहते. त्या हिशेबाने साऱ्या इजिप्तला काशीच म्हणावे लागेल, असे बसमध्ये एका विनोदी गृहस्थांनी काढले.

क्षेत्राची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मृकंडु ऋषींना अल्पायुषी पुत्र झाला. सोळावे वर्ष लागले तेव्हा यम आला. मुलाने शिवलिंगाला मिठी मारली. पाश लिंगावर पडला, आणि महादेवाने यमाला लाथेने दूर केले. म्हणजे ज्या देवळाला आपण दर्शनाला जातो ते मृत्यूला परतवून लावल्याच्या गोष्टीवर उभे आहे. इजिप्तच्या राजांनी मृत्यूपलीकडे टिकण्यासाठी देह मसाल्यांत जपले, सोन्याच्या पेट्या केल्या, दाराशी शाप कोरले असेही लोक सांगतात. आपल्या कथेत एक घाबरलेले मूल दगडाला मिठी मारते, एवढेच. मला ही कथा अधिक धीट वाटते.

१८७३-७४ साली पुरातत्त्व खात्याचे पहिले महासंचालक अलेक्झांडर कनिंगहॅम येथे आले होते. त्यांनी मोजमाप करून ठेवले: आवार १९६ फूट लांब, ११८ फूट रुंद, भोवती भिंत, आत लहानमोठ्या वीसाहून अधिक देवळांचा समूह. मुख्य देवळाच्या बाह्यांगावर हंसांच्या, वानरांच्या आणि माणसांच्या रांगांवर रांगा आहेत. मानवी आकृतीच चारशेच्या वर भरतात. शिल्पाची जात खजुराहोची. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे हे काम असावे, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे कोणतेही जुने दगडी देऊळ दिसले की हेमाडपंती म्हणून मोकळे होण्याची सवय आहे, आणि त्याबरोबर एका रात्रीत दैत्याने बांधले ही पुस्तीही येते. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या जन्माआधीच येथली अप्सरा आरशात पाहत उभी होती. दैत्याला आणि हेमाडपंताला श्रेय वाटून टाकले की, ज्या पाथरवटांनी वर्षानुवर्षे छिन्नी चालवली ते आपोआप बाहेर राहतात.

आता मी ज्यासाठी मुख्यतः उभा राहिलो आहे ते सांगतो. मार्कंडेश्वराच्या मंडपात शिरल्यावर एका चवथीतल्या मुलीने मला विचारले, "काका, बाहेर एवढे सुंदर आणि आत हे खांब असे ओबडधोबड का?" प्रश्न अचूक होता. नाजूक कोरीव खांबांच्या मध्येच चौकोनी, जाड, मुळीच नक्षी नसलेले खांब उभे आहेत आणि त्यांच्यावर कमानी टाकलेल्या आहेत. कलेच्या दृष्टीने पाहणारा मनुष्य तोंड फिरवतो. पण हकीकत अशी आहे की, कधीकाळी या देवळाच्या शिखरावर वीज पडली. शिखराचा वरचा भाग तुटून मंडपाच्या छतावर कोसळला आणि छत खचले. ते अवघे देऊळ जमीनदोस्त व्हावयाचे, तेव्हा चांद्याच्या एका गोंड राजाने आपले गवंडी पाठविले. त्यांना अप्सरा कोरता येत नव्हत्या. त्यांना वेशी बांधता येत होत्या. जटपुऱ्याचा आणि पठाणपुऱ्याचा दरवाजा ज्यांनी बांधला त्याच परंपरेच्या हातांनी मार्कंड्याच्या मंडपात खांब आणि कमानी घातल्या. सकाळी चंद्रपुरात ज्या धाटणीची बांधणी पाहिली तीच येथे, देवाच्या छताखाली, ओझे डोक्यावर घेऊन उभी आहे.

मी त्या मुलीला म्हटले, "हे खांब काढून टाकले तर काय होईल?" तिने वर पाहिले आणि म्हणाली, "छत आपल्या डोक्यावर पडेल." मग थोडा विचार करून ती म्हणाली, "म्हणजे सकाळच्या राजांनी हे धरून ठेवले आहे."

म्हणून, भगिनींनो आणि बंधूंनो, सकाळी समाध्यांना आधी जाण्याचा माझा हट्ट होता. समाधी न पाहता मार्कंड्याला आलेल्या माणसाला ते खांब कुरूप दिसतात. समाधी पाहून आलेल्याला ते ओळखीचे वाटतात. ज्यांचा दफनविधी वेगळा, ज्यांची कुलदैवते वेगळी, ज्यांना आपल्यापैकी कित्येक जण आजही जंगलातले लोक म्हणून दूर ठेवतात, त्यांनी हे देवालय आपले मानले आणि सावरले. आपण त्यांच्या समाध्यांना आपले मानले काय?

येथून मी एका नाजूक विषयाकडे वळतो. मंडळापुढे एक सूचना आलेली आहे की, देवस्थान निधीत शिल्लक असलेल्या रकमेतून आपल्या समाजाच्या नावाने मार्कंड्यास देवळाच्या वाटेवर सिमेंटची कमान उभारावी, आणि जमल्यास एखाद्या लहान देवळास फरशी व तेलरंग द्यावा. सूचना करणाऱ्यांची श्रद्धा निर्मळ आहे याविषयी मला शंका नाही. तरी मी या सूचनेच्या विरुद्ध आहे, आणि हे माझे मत सभेत आणि स्मरणिकेत दोन्ही ठिकाणी नोंदले जावे अशी माझी विनंती आहे.

पहिले कारण कायद्याचे. मार्कंड्याची देवळे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. आपली कमान या नियमात सापडण्याचा संभव फार आहे. दुसरे कारण दगडाचे. वालुकाश्म श्वास घेतो, असे जाणकार सांगतात. पाणी शोषतो आणि सोडतो. त्याला तेलरंगाने किंवा सिमेंटने बंद केले की, ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जो रंग आपण भक्तीने देऊ तोच अप्सरेचे नाक घेऊन खाली पडेल. इजिप्तच्या थडग्यांत तर यात्रेकरूंच्या श्वासाने आणि घामाने भिंतीवरील चित्रे बिघडू लागली, म्हणून कित्येक समाध्या आळीपाळीने बंद ठेवाव्या लागतात. तेथे देव मेला आहे, म्हणून भिंत जपणे सोपे. आपला देव जिवंत आहे, त्याला रोज दूध, तेल, शेंदूर आणि शिवरात्रीला लाखाची गर्दी. जिवंत देवाचे घर जपणे ही अधिक कठीण विद्या आहे आणि ती आपल्याला शिकावी लागेल.

जीर्णोद्धार कसा होतो हेही पाहण्याजोगे आहे. नाईलवर आस्वानचे मोठे धरण बांधले तेव्हा अबू सिंबलची देवळे बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, हजाराहून अधिक तुकडे करून, प्रत्येकावर खूण घालून, वर उंचावर पुन्हा जुळविली. जगातील अनेक राष्ट्रांनी त्या मोहिमेस हातभार लावला. आपल्या देशाचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये न्यूबियात उत्खननास गेले होते. परक्यांची देवळे पाण्यातून वाचविण्यास आपण सात समुद्रांपलीकडे गेलो. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे काम गेल्या दशकात खात्याने हाती घेतले, आणि ते रेंगाळल्याची ओरड वृत्तपत्रांतून वारंवार झाली. असे काम घाईने होत नाही हे खरे. पण कोणी विचारणारेच नसले तर ते मुळीच होत नाही, हेही तितकेच खरे. कमानीवर आपले नाव कोरण्याऐवजी, काम कोठवर आले याची विचारणा करणारे पत्र मंडळाने दर सहा महिन्यांनी पाठवावे. त्याला टपालखर्चापलीकडे काही लागणार नाही.

निधीचे काय करावे, असे कोणी विचारील. माझी सूचना अशी: दरवर्षी आपल्या मुलामुलींपैकी चौघांना ही स्थळे नीट दाखवता येतील एवढे शिकवावे, आणि त्यांना अ. ज. राजूरकर यांच्या चंद्रपूरच्या इतिहासासारखी पुस्तके घेऊन द्यावी. शिवरात्रीच्या यात्रेत त्यांनी उभे राहावे, आणि येणाऱ्याला अर्धा तास देवळाभोवती फिरवावे. पहिली गोष्ट त्यांनी ते ओबडधोबड खांब दाखवावी. शिल्लक राहिल्यास यात्रेकरूंसाठी पिण्याच्या पाण्याची सोय करावी, तीही शंभर मीटरांच्या बाहेर. या सूचनेवर कार्यकारी मंडळात मतदान व्हावयाचे आहे.

आता एक शेवटची गोष्ट, जी सहलीत वेळ नसल्यामुळे नुसती बोलण्यातच राहिली. आपण इजिप्तच्या समाध्यांचे प्राचीनत्व ऐकून थक्क होतो. परंतु चामोर्शीच्या आणि वाघनखच्या परिसरात दगडी शिळांच्या पेट्यांसारखी जी प्राचीन थडगी आहेत, त्यांची नोंद इंग्रजी गॅझेटियरांतही आहे. चिमूर तालुक्यात हिरापूर येथे मोठाल्या शिळा उभ्या करून त्यांवर आडवी शिळा टाकलेले शिलामंडप आहेत. विदर्भातील अशा महापाषाणीय थडग्यांचा काळ, लोखंड वापरात येऊ लागले तेव्हाचा, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाचा. नागपूरकडे माहुरझरीला तर मृतांबरोबर घोडे पुरलेले सापडले, तांब्याच्या अलंकारांसह. राजाबरोबर त्याचे वैभव पाठविण्याची कल्पना नाईलकाठीच सुचली होती असे नव्हे.

आणि एका बाबतीत आपण इजिप्तच्याही पुढे आहोत. तेथे पिरॅमिड बांधणारा समाज संपला. आज कोणीही आपल्या बापासाठी पिरॅमिड बांधीत नाही. परंतु भामरागड-एटापल्लीकडील माडिया बंधू आपल्या मृतांच्या नावे गावाजवळ शिळा उभ्या करतात, त्या आजही. नवी शिळा जुन्या शिळांच्या शेजारी उभी राहते. हजारो वर्षांपूर्वीची रीत आणि गेल्या वर्षी उभी केलेली शिळा ही दोन्ही एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळावी, असे जगात फार थोड्या ठिकाणी घडते. मात्र त्या शिळा प्रेक्षणीय वस्तू नव्हेत. त्या कोणाच्या तरी आईबापांच्या आहेत. तेथे बस नेऊन उतरावे आणि चित्रे काढावी, असे मी सुचविणार नाही. बोलावणे आले तर जावे.

हिरापूरला मात्र अवश्य जावयाचे आहे. पुढील सहल माघात, थंडी सरण्यापूर्वी काढावी असे ठरत आहे. चालणे बरेच आहे, म्हणून चपला नकोत, बूट असावे. पाणी प्रत्येकाने आपले घ्यावे. वाटेत उपाहारगृह नाही, तेव्हा भाकर, झुणका आणि जवसाची चटणी घरूनच बांधून आणावी. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावी. आजींनी आपले नाव सर्वांत आधी दिले आहे, आणि शिलामंडप आधी की चिमूरच्या बालाजीचे दर्शन आधी, हे या वेळी त्याच ठरविणार आहेत.